पाणी वरून आलं की खालून?

टॅम्पा, फ्लोरिडा
17 नोव्हेंबर 2024

चि. सोनूस,


तू माझ्या नोट्स मागितल्यास. नोट्स राहिल्या नाहीत. गॅरेजमधल्या सगळ्यात खालच्या फळीवर निळ्या फायलीत होत्या. सप्टेंबरच्या 26 तारखेला रात्री हेलन वादळानं खाडीचं पाणी आमच्या गल्लीत ढकललं आणि फायलीचा लगदा झाला. विम्याच्या नोट्स पुरात गेल्या, ह्यावर तुझे काका अजून हसताहेत.

गेल्या तर गेल्या. व्याख्या तुला कोर्सच्या पुस्तकात मिळतील. सतरा वर्षं विमा ऑफिसातल्या खुर्चीत बसून फोनवर जे शिकले, ते नोट्समध्ये नव्हतंच. तेवढं लिहिते. रविवार आहे, काका पन्हळीतली पानं काढायला छपरावर चढलेत, म्हणजे दोन तास मला कोणी हाक मारणार नाही.

तू घेते आहेस त्या लायसन्सला इथे 4-40 म्हणतात, कस्टमर रिप्रेझेंटेटिव्ह. त्याच्या वरचं 2-20, म्हणजे पूर्ण एजंट. आपल्याकडे विमा म्हटलं की स्कूटरवरून येणारे, मार्चअखेरीला दोन कप चहा पिऊन सही घेऊन जाणारे एलआयसीवाले डोळ्यांसमोर येतात. तुला तसं हिंडता येणार नाही. फ्लोरिडाचा कायदा सांगतो की 4-40 वाल्यानं एजंटच्या ऑफिसात बसूनच, त्याच्या देखरेखीखाली काम करायचं. मंडळाच्या दिवाळीत, हळदीकुंकवात कोणाला पॉलिसी गळ्यात मारायची नाही. तुझा पगारही मुख्यतः किती पॉलिसी खपवल्या ह्यावर ठरवता येत नाही. सुरुवातीला मला हा कमीपणा वाटायचा, आपण नुसत्या टेबलाला बांधलेल्या कारकून. आता वाटतं, कायद्यानं केलेली ही मोठी सोय आहे. ज्याचं पोट विक्रीवर नाही, त्यालाच गिऱ्हाइकाला ‘ह्यात हे नाही’ असं पहिल्या फोनवर सांगणं परवडतं. आणि ह्या धंद्यात सगळं महत्त्वाचं ‘ह्यात हे नाही’ ह्याच भागात लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त फोन येतात ते पाण्याचे. तुझ्या बाबांच्या चिपळूणच्या दुकानात 2021 च्या जुलैत पाणी शिरलं, तेव्हा त्यांच्या आगीच्या पॉलिसीतच पुराचं कलम होतं, आठवतं? भारतात घराच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीतही आग, वादळ, पूर एकाच कागदावर येतात. त्यामुळे आपली माणसं इथे घर घेतात आणि गृहीत धरतात की घराचा विमा आहे म्हणजे पाण्याचाही आहे. इथे तसं नाही. एचओ-3 ही इथली घराची नेहमीची पॉलिसी. वास्तूच्या बाबतीत ती म्हणते, जे वगळलंय ते सोडून सगळं दिलं. सामानाच्या बाबतीत ती उलट बोलते, जी कारणं नाव घेऊन लिहिलीत तेवढीच. आणि पूर तिनं दोन्हीकडून वगळलाय. पुरासाठी वेगळी पॉलिसी लागते. ती बहुतेकदा 1968 च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या केंद्र सरकारच्या योजनेतली असते. घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाणी वरून आलं की खालून? वरून आलं असेल तर दुसरा: आधी वाऱ्यानं छपराला किंवा भिंतीला भोक पडलं, आणि मग पाऊस आत आला का? भोक पडलं असेल तर आपण बोलू शकतो. नुसताच पाऊस जुन्या छपरातून झिरपला असेल तर अवघड. आणि पाणी दाराखालून, जमिनीवरून चालत आलं असेल तर घराची पॉलिसी तिथेच मिटते. पुस्तकात ह्या भागाला ‘प्रॉक्झिमेट कॉज’ असं भारदस्त नाव आहे.

हेलनच्या वेळी टॅम्पाच्या खाडीकाठी वारा तसा फार नव्हता, पण समुद्र घरात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन. पंचवीस वर्षं हप्ता चुकवला नाही, एकही क्लेम नाही. गुडघाभर पाणी, फ्रिज आडवा होऊन तरंगतोय. मी फाईल उघडली. फ्लडची पॉलिसी नाही. का नाही? तर घर सरकारी नकाशावर ‘एक्स’ झोनमध्ये, म्हणजे कमी धोक्याचं, आणि बँकेनं कधी मागितली नाही. बँक मागत नाही ह्याचा अर्थ पाणी येणार नाही असा होत नाही. पण हे त्यांना कोरड्या दिवसात कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते कोणी म्हणजे आपलं ऑफिस. त्या फोनवर मी काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. त्या काय बोलल्या ते आठवतं. म्हणाल्या, ‘मग मी पंचवीस वर्षं कशाचे पैसे भरत होते?’

मग बैल गेल्यावर झोपा करायला रांग लागली. रोज वीस-पंचवीस फोन, फ्लड पॉलिसी आजच चालू करा म्हणून. ती चालू व्हायला तीस दिवस लागतात. घर विकत घेताना कर्जाबरोबर काढली तर सूट मिळते, एरवी सहसा नाही. हेलननंतर तेराव्या दिवशी, 9 ऑक्टोबरला रात्री, मिल्टन वादळ सिएस्टा कीला धडकलं. सत्तावीस सप्टेंबरला पहिला फोन करणाऱ्याचेही तीस दिवस भरले नव्हते. शिवाय वादळ नाव घेऊन आपल्या दिशेनं निघालं की कंपन्या घरांचे नवे विमेही थांबवतात. त्या आठवड्यात तू फक्त माफी मागायला फोन उचलतेस.

परीक्षेत पुराची व्याख्या येते, ती मात्र पाठ कर, कारण गमतीची आहे. एरवी कोरडी असणारी जमीन पाण्याखाली जायला हवी, दोन एकर तरी, नाहीतर दोन मालमत्ता तरी, त्यातली एक तुझी. फक्त तुझ्या अंगणात तुंबलं तर तो पूर नव्हे. पुरालाही शेजारी लागतो.

मिल्टन मात्र वारा घेऊन आलं आणि छपरं उडाली. इथे पॉलिसी बोलली, पण वादळाच्या डिडक्टिबलनंतर, म्हणजे आधी आपण भरायच्या रकमेनंतर. हे लोकांना कधीच कळलेलं नसतं. बाकीच्या नुकसानाला आधीचे हजार डॉलर आपण भरतो, हे माहीत असतं. वादळाचं डिडक्टिबल बहुतेकांनी दोन टक्के घेतलेलं असतं, आणि त्यांना वाटतं नुकसानाच्या दोन टक्के. नाही. घराचा विमा जेवढ्याचा, त्याच्या दोन टक्के. चार लाखांचा विमा असेल तर पहिले आठ हजार तुझे. वीस हजारांचं छप्पर गेलं तर कंपनी बारा देते, आणि गिऱ्हाईक एकोणीस हजार सहाशे धरून बसलेलं असतं. ही टक्क्यांची पद्धत आली ती 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड गाव त्यानं झोपवलं आणि काही विमा कंपन्याही त्याबरोबर बुडाल्या. पॉलिसी नव्यानं होताना हे आठ हजार आकड्यात बोलून दाखव. टक्के कोणाला ऐकू येत नाहीत.

गणिताला तू घाबरतेस म्हणून एकच सोडवून देते, ते परीक्षेत येतंच. घर नव्यानं बांधायला चार लाख लागतील. त्याच्या ऐंशी टक्क्यांचा, म्हणजे 3,20,000 चा विमा हवा. माणसानं हप्ता वाचवायला 2,40,000 चाच उतरवला. हवं होतं त्याच्या पाऊण. आता स्वयंपाकघर जळून चाळीस हजारांचं नुकसान झालं, तर त्याला पाऊणच, तीस हजार, आणि त्यातून डिडक्टिबल वजा. किंवा झीज धरून जी किंमत येईल ती, दोन्हींतली मोठी. झालं. ह्यात पाठ करण्यासारखं काही नाही.

आता दायित्वाचा भाग. तुला तो कंटाळवाणा वाटतोय असं लिहिलंस. मला तोच आवडतो, कारण त्यात माणसं येतात. कुत्र्याचंच घे. फ्लोरिडात कुत्रा चावला की मालक जबाबदार, कुत्रा आधी कधी चावला असो वा नसो. पण कायद्यानं एक पळवाट ठेवलीय. आवारात सहज वाचता येईल अशी, ‘बॅड डॉग’ हे शब्द असलेली पाटी ठळक जागी लावली असेल, तर मालक बहुतेक सुटतो. ज्याला चावला ते मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर सुटत नाही, त्याला वाचता येत नाही ना. मालकाचीच हयगय असली तरीही नाही. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सदाशिव पेठेतल्या आजोबांच्या फाटकाची आठवण झाली. त्या फाटकावर पाटी होती, आत कुत्रा कधीच नव्हता. आपल्या पाट्यांना कायद्याचं बळ देणारं राज्य पुण्यापासून इतक्या लांब सापडेल असं वाटलं नव्हतं. पाटीनं कोर्टात वाचशील. कंपनी मात्र कुत्र्याची जात विचारते, आणि काही जातींना दायित्वातून वगळते, तेही आधी विचार.

गाडीच्या बाबतीत फ्लोरिडा जगावेगळं आहे. भारतात दुसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याचा विमा सक्तीचा, आणि मृत्यू-जखमेला रकमेची मर्यादा नाही. इथे साध्या गाडीवाल्याला सक्ती दोनच गोष्टींची: स्वतःच्या दवाखान्यासाठी दहा हजार, ज्याला पीआयपी म्हणतात, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी दहा हजार. म्हणजे त्याच्या बंपरची सोय सक्तीची, त्याच्या पायाची नाही. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ‘फुल कव्हरेज आहे माझं.’ पॉलिसीत ‘फुल’ असा शब्दच नसतो. त्यांच्यासमोर पान उघड आणि विचार, समोरच्याचा पाय मोडला तर ह्यातली कोणती ओळ पैसे देईल? बहुतेकदा बोट फिरत राहतं.

पीआयपीतून दवाखान्याचे ऐंशी टक्के मिळतात, पण अपघातापासून चौदा दिवसांत डॉक्टरकडे जायला हवं. आपल्या बायकांना हे मुद्दाम सांगते. मान दुखतेय, पण बाम लावते, बघू पुढच्या आठवड्यात, असं करत पंधरावा दिवस उजाडतो.

आणि भारतातून आलेल्या भावाला गाडी देताना विचार कर. 1920 च्या एका खटल्यापासून इथलं कोर्ट मोटारीला धोकादायक वस्तू मानतं. तू ती राजीखुशीनं दुसऱ्याच्या हातात दिलीस की त्याच्या चुकीला तूही जबाबदार. कायद्यानं ह्या जबाबदारीला पुढे रकमेची मर्यादा घातली, पण ती मर्यादाही तुझ्या-माझ्यासारख्याची जन्माची बचत बुडवायला पुरेशी आहे.

सिंकहोलवर दोन मिनिटं. इथली जमीन चुनखडीची, अचानक खचते. कायद्यानं घराच्या पॉलिसीत सक्तीचं आहे ते फक्त मोठं खचणं, आणि त्याला चार अटी एकदम लागतात: जमीन झटक्यात खचली, खड्डा नुसत्या डोळ्यांना दिसतो, पायासकट घराचं नुकसान झालं, आणि सरकारी अधिकाऱ्यानं घर रिकामं करायला लावलं. नुसती भिंत तडकली तर ते नव्हे. त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. परीक्षेत चारपैकी तीन देऊन फसवतात.

शेवटचं, आणि हे कोणत्याच पुस्तकात नाही. क्लेमच्या फोनवर ‘कव्हर्ड आहे’ असं कधीही म्हणू नकोस. ‘कव्हर्ड नाही’ असंही नाही. ते ठरवायचं काम अॅडजस्टरचं, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याचं. समोरचा रडत असतो, आणि आपल्याला वाटतं दोन शब्दांनी धीर द्यावा. मी एकदा दिला होता, पहिल्या वर्षी. एका वयस्कर गृहस्थांना म्हटलं, ‘काळजी करू नका, मिळेल.’ नाही मिळालं. त्यांनी तक्रार केली नाही, पत्र लिहिलं, की तुमच्या भरवशावर मी सुताराला आगाऊ पैसे दिले. ते पत्र मी निळ्या फायलीत ठेवलं होतं. तेही गेलं.

तेव्हा क्लेम नोंदव, नंबर दे, छपरावर ताडपत्री घालायला सांग, फोटो काढायला सांग, पावत्या ठेवायला सांग. आणि खोटा धीर न देता फोनवर थांब. थांबता येणं जमायला मला तीन वर्षं लागली.

काका छपरावरून हाक मारताहेत, शिडी धरायला. ते पडले तर कोणती पॉलिसी, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुझी,
मावशी

ता. क. – तू भाड्याच्या घराची पॉलिसी काढलीस हे चांगलं केलंस. पण तिच्यात सोनं चोरीला गेलं तर साधारण दीड हजार डॉलरच्या वर काही मिळत नाही, पान उघडून बघ. ताईनं तुला दिलेल्या पाटल्या अजून कपाटात साड्यांखालीच आहेत ना? त्यांचा फोटो काढ, आणि चिपळूणच्या सोनाराकडून वजनाची पावती मागवून घे. सोमवारी मला पाठव, तुझ्या पॉलिसीत त्या वेगळ्या कशा लिहायच्या ते सांगते.