रेडिओचा कोड आणि आरसी बुक



दिवाळी झाली आणि आमच्या गाडीची बॅटरी बसली. गाडी 2010 ची होंडा सिव्हिक. ह्यांनी हौसेने घेतलेली. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून मीच चालवते. रोज सकाळी मंदिरात, आठवड्यातून एकदा मंडईत, आणि नातवंडं आली की त्यांना फिरवायला. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाने येऊन नवी बॅटरी बसवली. गाडी एका चावीत सुरू झाली, पण रेडिओ गप्प. पडद्यावर नुसती अक्षरं : ‘एंटर कोड’.

मुलगा म्हणाला, “काकू, हा कोड मागतोय. माहितीय का?”

मला कुठला माहीत असणार! त्या काळी गाडीतले रेडिओ चोरीला जायचे, म्हणून कंपनीनेच ही सोय केलेली असते. बॅटरीची तार सुटली की रेडिओ समजतो, मला कुणीतरी उपटून नेलं. मग मालकाकडचे पाच आकडे दिल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आकडे नव्या गाडीबरोबर मिळालेल्या छोट्या कार्डावर असतात. मी माहितीपुस्तक चाळलं, पुढचा कप्पा रिकामा केला. पेट्रोलच्या पावत्या, ह्यांचा जुना चष्मा आणि सुपारीची डबी सापडली. कार्ड काही सापडलं नाही.

मग मी अंदाजाने आकडे दाबायला बसले. लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस, घर नंबर. पण आकडे दाबायला एक ते सहा एवढीच बटणं असतात, म्हणजे शून्य, सात, आठ, नऊ त्यात येणारच नाहीत. आमच्या निम्म्या तारखा तिथेच बाद. दहा वेळा चुकलं की रेडिओ चालू ठेवून तासभर थांबायचं, मग पुन्हा दहा संधी. बी.कॉम. केलेल्या बाईने आधी हिशोब करायला हवा होता. सहा आकडे, पाच जागा, म्हणजे 7,776 शक्यता. तासाला दहा धरल्या तर बत्तीस दिवस अखंड बसावं लागेल. तोवर ही नवी बॅटरीही बसली असती.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “आई, तो काढून टाक, ब्लूटूथवाला नवीन बसवू.” त्याचं चुकीचं नव्हतं. पण ह्यांची सकाळ त्या रेडिओवर सुरू व्हायची. एक नंबरचं बटण म्हणजे आकाशवाणी सांगली. मंदिरात जाताना सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, आणि त्या संपेपर्यंत गाडीत कुणी बोलायचं नाही. इतकी वर्षं स्वाध्यायाला बसते, वस्तूचा मोह म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी नवीन सेटला नाही म्हटलं.

बॅटरीवाल्या मुलाने वेगळा मार्ग सुचवला. “सेम टू सेम सेट आणून देतो, बाराशेत. कोडबिड काही नाही.” बिल मिळेल का विचारलं, तर हसला. “जुन्या मालाला कसलं बिल, काकू?” अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’ आहे, चोरून आणलेली वस्तू घेणं. तो सेट चोरीचाच असेल असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या तरी गाडीतून उपटलेला असू शकतो ही शंका मनात आल्यावर तो घेणं मला जमेना.

शेवटी सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीने छान समजावलं. किल्ली फिरवायची, रेडिओ बंद ठेवायचा, एक आणि सहा ही दोन बटणं एकदम दाबून धरून रेडिओ चालू करायचा. पडद्यावर रेडिओचा आठ आकडी अनुक्रमांक दोन भागांत येतो. तो लिहून घ्यायचा आणि आरसी बुक व ओळखपत्र घेऊन यायचं. मी अनुक्रमांक लिहून घेतला. तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, आरसी तुमच्याच नावावर आहे ना?”

मी गप्प झाले. आरसी ह्यांच्याच नावावर होती.

बँकेची खाती, फिक्स डिपॉझिटं, घराचा सात-बारा, सगळं मी सहा महिन्यांत मार्गी लावलं होतं. गाडीचं मात्र राहून गेलं. राहून गेलं म्हणते, पण खरं सांगायचं तर ते नाव खोडायला हात होत नव्हता. विम्याची मुदत संपली तेव्हा मी ह्यांच्याच नावाने मोबाईलवर हप्ता भरून मोकळी झाले. गेलेल्या माणसाच्या नावाचा विमा! त्याच गाडीत नातवंडांना बसवून मी फिरत होते. कुणाला धक्का लागला असता, कुणाचा हातपाय मोडला असता, तर त्याला भरपाई मिळताना किती अडचणी आल्या असत्या! त्या रात्री मला झोप लागली नाही. रेडिओ चोरीचा नको म्हणून मी त्या मुलाला उपदेश केला होता. पण त्याच पाच अतिचारांत राज्याचा नियम मोडणं हाही एक आहे, आणि तो मी दीड वर्ष करत होते.

दुसऱ्या दिवसापासून गाडी दारात उभी केली आणि मंदिरात रिक्षाने जाऊ लागले. नियम असा आहे : मालक गेल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने गाडी त्याच नोंदणीवर वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. मुलाने आणि मुलीने सह्या करून पाठवलं. उशिराचा दंड भरला. विमा कंपनीलाही कळवून पॉलिसी माझ्या नावावर करून घेतली.

दोन महिन्यांनी माझ्या नावाची आरसी आली. ती घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. कागद बघून त्यांनी पाच आकडे दिले. पार्किंगमध्येच गाडीत बसून दाबले, आणि रेडिओ खरखरला. मी घाईने एक नंबर दाबला. सांगली लागलं नाही. बॅटरी सुटली तेव्हाच ह्यांनी लावून ठेवलेली सगळी स्टेशनं पुसली गेली होती. कोड दिला तरी ती परत येत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ तशीच बसले. मग बटण फिरवत फिरवत सांगली शोधलं आणि एक नंबरवर दाबून धरलं. बाकीची पाच अजून रिकामीच आहेत.

मैत्रिणींनो, जुन्या गाडीची बॅटरी बदलण्याआधी कोडचं कार्ड शोधून ठेवा. ते गाडीत ठेवू नका, नाहीतर चोराची सोय होईल. मी घरच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे. आणि आज दुपारी कपाटातली फाईल काढून गाडीच्या आरसीवर आणि विम्यावर कोणाचं नाव आहे तेवढं बघा. आपल्यातल्या ज्या बहिणींचे यजमान गेले आहेत, त्यांना तर जवळ बसून विचारा. एकटीने त्या फाईलला हात लावणं अवघड जातं.

जय जिनेंद्र.