एकटीचे 'नाही'

युद्धाचे नगारे वाजू लागले, की 'हो' म्हणणे सोपे असते. 'नाही' म्हणणारा मात्र भित्रा ठरतो, नाही तर देशद्रोही. अमेरिकेच्या जेनेट रँकिन यांनी हे 'नाही' दोनदा म्हटले आणि दोन्ही वेळा त्याची किंमत मोजली.

१९१६ साली मोंटाना राज्यातून निवडून आलेल्या रँकिनबाई अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या महिला. एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध प्रतिनिधिगृहात ५० मते पडली. त्यांतले एक त्यांचे. बाकीचे ४९ पुरुष होते; पण 'बायकांचे मन हळवेच' हा टोमणा बाईंच्या वाट्याला आला. पुढच्याच वर्षी सिनेटची उमेदवारी त्यांच्या हातून गेली.

पुन्हा निवडून यायला १९४० उजाडावे लागले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी मतदान झाले : युद्धाच्या बाजूने ३८८, विरोधात १. सहकाऱ्यांनी विनवूनही बाई बधल्या नाहीत. बाहेर जमाव इतका खवळला, की त्यांना टेलिफोन बूथमध्ये आसरा घ्यावा लागला. पोलिसांनी त्यांना तिथून सुखरूप बाहेर काढले. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

त्यांचे मत बरोबर होते का? हिटलरच्या छळछावण्या आठवल्या, की बरोबर म्हणायला जीभ रेटत नाही. कॅन्ससचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनाही ते पटले नव्हते. तरीही त्यांनी आपल्या वृत्तपत्रात बाईंच्या धैर्याला दाद दिली. मत न पटणे वेगळे आणि मत मांडणाऱ्याच्या अंगावर धावून जाणे वेगळे, हे त्यांना उमगले होते.

पुढे गांधीविचाराच्या ओढीने बाई अनेकदा भारतात आल्या. १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्चाच्या त्या अग्रभागी होत्या.

सप्टेंबर २००१ मध्ये दहशतवादी हल्ल्यांनंतर लष्करी कारवाईचे मोकळे अधिकार राष्ट्राध्यक्षांना देण्याचा ठराव आला. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मत पडले. ते एक मत बार्बरा ली यांचे. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. अफगाणिस्तानातले युद्ध मात्र २० वर्षे चालले.

एकटा माणूस नेहमीच बरोबर असतो असे नाही. पण त्याचे तोंड दाबले, तर बाकीचे चुकत असतील तेव्हा ते सांगणार कोण?