ठोकळ्यांच्या रचनेचे श्रेय

कंपनीच्या पुस्तिकेचा आधार न घेता, स्वतःच्या कल्पनेने रचलेल्या लेगोच्या प्रतिकृतीला छंदिष्टांच्या बोलीत ‘मॉक’ म्हणतात. रचना पुरी झाली की ती प्रदर्शनाच्या टेबलावर मांडायची, तिची छायाचित्रे एकमेकांना दाखवायची आणि जाणकारांचे अभिप्राय ऐकायचे, हा या छंदाचा निम्मा भाग होय. रचना विकली जाते असे क्वचितच घडते. प्रदर्शन आटोपले की ती मोडली जाते आणि तिचेच ठोकळे पुढच्या रचनेला लागतात. रचणाऱ्याच्या पदरी त्यामुळे दोनच गोष्टी उरतात: जाणकाराचा अभिप्राय आणि ‘हे अमक्याने केले’ ही ओळख. यांतली दुसरी गोष्ट हिरावली जाते तेव्हा काय वाटते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे. त्या घटनेला बराच काळ लोटला, पण तिची बोच गेलेली नाही.

या माध्यमाची मापे काटेकोर आहेत. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांत ८ मिलिमीटर अंतर असते. पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ प्लेटची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेटा मिळून एक ठोकळा. पाच प्लेटांची चळत १६ मिलिमीटर भरते आणि तेवढीच दोन स्टडची रुंदी असते. या एका जुळणीमुळे ठोकळे आडवे लावता येतात, स्टड वरच्या बाजूला न ठेवता समोर वळवता येतात. छंदिष्ट या पद्धतीला ‘स्नॉट’ म्हणतात. शक्यतांची व्याप्ती अफाट आहे. दोन बाय चारचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तरी ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

प्रदर्शनातले अभिप्राय साधारण तीन जातींचे असतात. पहिला निव्वळ कौतुकाचा. तो बहुतेक प्रेक्षकांकडून येतो आणि त्याने बरेच वाटते. दुसरा सूचनेचा: छप्पर जरा जड झाले आहे, पायथ्याचा करडा रंग दोन छटांत हवा होता, वगैरे. तिसरा प्रश्नाच्या रूपाने येतो. जाणकार माणूस टेबलाशी वाकतो, रचनेकडे बाजूने पाहतो, हात मागे बांधून ठेवतो आणि विचारतो, ‘इथे काय वापरलंय?’ या प्रश्नाहून मोठी पावती या छंदात नाही. असे विचारल्यावर सांगायचे, ही रीत आहे. रचणारा मागची भिंत काढतो, आतली जोडणी दाखवतो, सुट्या भागाचे नाव सांगतो. कोणी काही लपवत नाही. या मोकळेपणावरच छंद वाढला.

प्रस्तुत लेखकाची रचना शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची होती. युरोपातल्या एका शहरात वास्तव्य, आणि तिथल्या छंदिष्टांच्या टेबलांवर किल्ले, आगगाड्या व अंतराळयाने यांची रेलचेल. पुण्यातले काही तिथे दिसावे, ही त्यामागची इच्छा. वाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि बांधकाम १७३२ मध्ये पुरे झाले. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. तट, बुरूज, जोती आणि दरवाजे राहिले. उत्तरेकडे तोंड असलेला दिल्ली दरवाजा त्यांतला सर्वांत भव्य. त्याच्या प्रत्येक झडपेवर नऊ बाय आठ अशा ओळींत सुमारे फूटभर लांबीचे ७२ अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले आहेत. उजव्या झडपेत माणसांच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी लहान दिंडी दरवाजा आहे. एकदम फौज घुसू नये इतकाच तो मोठा.

या खिळ्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. १×१ मापाची, पोकळ स्टडची गोल प्लेट मिळते. तिच्या छिद्रात ३.१८ मिलिमीटर जाडीची दांडी घट्ट बसते. लेगोच्या प्राण्यांसाठी बनलेल्या लहान शिंगाचे बूड नेमके तेवढ्याच जाडीचे असते. प्रत्येक स्टडवर एक गोल प्लेट आणि तिच्यात एक शिंग असे बसवले की ६४ बाय ७२ मिलिमीटरच्या क्षेत्रात नऊ बाय आठची पूर्ण मांडणी साधते. झडपेची प्लेट ३.२ आणि तिच्यावरची गोल प्लेट ३.२ मिळून ६.४ मिलिमीटर होतात. चौकटीत जागा ८ मिलिमीटरची. उरलेल्या १.६ मिलिमीटरच्या मोकळिकीमुळे झडप न अडकता फिरते. उजव्या झडपेतली दिंडी अर्धा स्टड, म्हणजे ४ मिलिमीटर सरकवून बसवली, तेव्हा कुठे ती खिळ्यांच्या ओळींखाली मध्यावर आली. हे जुळेपर्यंत झडप पुष्कळदा मोडावी लागली.

प्रदर्शनात या दरवाजाला तिन्ही जातींचे अभिप्राय मिळाले. त्यांतला एक छंदाच्या बाहेरचा होता. नातवाला घेऊन आलेल्या एका मराठी काकू फलक न वाचताच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘दिंडी उजव्याच झडपेत दाखवलीस, बरं केलंस.’ त्यांना स्टड आणि प्लेट यांतला फरक ठाऊक नव्हता. दरवाजा मात्र लहानपणापासून ठाऊक होता. त्याच दिवशी दुसऱ्या शहरातला एक अनुभवी छंदिष्ट टेबलाशी बराच वेळ थांबला. त्याने खिळ्यांबद्दल विचारले, दिंडीच्या अर्ध्या स्टडबद्दल विचारले, छायाचित्रे घेतली. रीतीप्रमाणे त्याला झडप काढून हातात दिली गेली. हत्तींचा खुलासाही त्याने लक्षपूर्वक ऐकला.

पुढच्या एका प्रदर्शनात त्याच छंदिष्टाने मध्ययुगीन फ्रेंच किल्ला मांडला. किल्ला मोठा होता, आणि त्याचे बुरूज, खंदक, उचलता येणारा पूल हे सारे उत्तम होते, यात शंका नाही. त्याच्या मुख्य दरवाजाच्या प्रत्येक झडपेवर नऊ बाय आठ अशा ओळींत अणकुचीदार खिळे होते. उजव्या झडपेत दिंडी होती. तीही अर्धा स्टड सरकवलेली.

योगायोगाची शक्यता इथे तपासून पाहणे न्याय्य ठरेल. लोखंडी पट्ट्या आणि चपट्या डोक्याचे खिळे युरोपातल्या जुन्या दरवाजांवर असतात. पण हत्तीकरवी दरवाजा फोडण्याची युद्धरीत फ्रान्समध्ये नव्हती. फूटभर लांबीच्या अणकुचीदार खिळ्यांची तिथे गरजच नव्हती. कोणाला ते केवळ शोभेसाठी सुचले असे मानले, तरी नऊ आणि आठ हेच आकडे का यावेत? दिंडी उजवीकडेच का असावी? सहा ठोकळे नव्वद कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात, त्या माध्यमात दोन माणसांची शेकडो तुकड्यांची जोडणी आकड्यासकट, बाजूसकट आणि सरकवण्यासकट सारखी येत नाही.

सर्वांत लागले ते पुढचे. परीक्षकांनी कल्पक तपशिलाचे पारितोषिक त्या दरवाजाला दिले. टेबलाशी गर्दी जमली. लोक वाकून पाहू लागले आणि तोच प्रश्न विचारू लागले, ‘इथे काय वापरलंय?’ रचणारा पोकळ स्टडची गोल प्लेट दाखवत होता, शिंग दाखवत होता, दिंडीची युक्ती समजावून सांगत होता. त्याचे सांगणे अचूक होते. प्रस्तुत लेखक त्या गर्दीतच उभा होता. आता नाव येईल, निदान ‘पुण्यातल्या एका दरवाजावरून घेतले’ एवढे तरी येईल, असे प्रत्येक उत्तरागणिक वाटत राहिले. शेवटपर्यंत आले नाही. नजरानजर झाली तेव्हा त्या गृहस्थाने ओळखीचे हसून मान हलवली आणि पुढच्या माणसाला तीच माहिती पुन्हा सांगायला घेतली. फलकावर किल्ल्याचे नाव, ठोकळ्यांची संख्या आणि रचणाऱ्याचे नाव एवढेच होते.

आयोजकांकडे गोष्ट नेली. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि उत्तर दिले की ठोकळे सर्वांचे, जोडण्याही सर्वांच्या. कोणताही नियम मोडलेला नाही. एका स्नेह्याने समजूत घातली की अनुकरण हीच खरी दाद असते. हे म्हणणे प्रस्तुत लेखकाला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. ज्याची दाद द्यायची त्याचे नाव न घेता दिलेली दाद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

कायद्याच्या बाजूने आयोजकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे. ठोकळ्याचे मूळ डेन्मार्कचे नाही. एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांनी किडिक्राफ्ट या नावाने आधी आणले. बिलुंडच्या लेगो कंपनीने ते पाहून १९४९ मध्ये आपले ठोकळे बाजारात आणले. पेज १९५७ मध्ये वारले. २८ जानेवारी १९५८ रोजी लेगोने आतल्या नळ्यांमुळे घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. आजचा ठोकळा तोच. किडिक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क कंपनीने १९८१ मध्ये विकत घेतले. पुढे याच ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून आपल्याकडे राखावा यासाठी कंपनी न्यायालयांत गेली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये तिचे म्हणणे फेटाळले. तांत्रिक उपयोगासाठी असलेला आकार कायमचा कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा त्या निकालांचा आशय आहे. ठोकळ्याची ही स्थिती असेल, तर शिंग आणि गोल प्लेट यांच्या जोडणीवर कोणी हक्क सांगावा?

आणि हक्क सांगायचा तरी कशावर? पोकळ स्टडमध्ये दांडी बसवण्याची युक्ती छंदात जुनीच आहे. अर्धा स्टड सरकवण्याची तर त्याहून सर्वपरिचित. नऊ बाय आठची मांडणी पेशवेकालीन सुतार-लोहारांची. प्रस्तुत लेखकाचे म्हणून उरते ते एवढेच: कोणता तुकडा कुठे शोभेल याची निवड, आणि १.६ मिलिमीटरची ती मोकळीक. हा हिशेब मांडला की तक्रार लहान वाटू लागते. पारितोषिकाचा फलक आठवला की ती पुन्हा मोठी होते. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ अद्याप लागलेला नाही.

मालकी आणि श्रेय या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. खुद्द कंपनीने हा भेद मान्य केला आहे. छंदिष्टांच्या रचना बाजारात आणण्याचा उपक्रम २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झाला. २०१४ पासून तो लेगो आयडियाज या नावाने चालतो. दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळालेली रचना विचारात घेतली जाते. ती निवडली गेली, तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम मिळते आणि पुस्तिकेत त्याची ओळख छापली जाते. विकत घेणारी कंपनी जे करते, ते एकमेकांकडून फुकट शिकणाऱ्यांनी करू नये, हे समर्थनीय नाही.

अभिप्राय देणाऱ्यांनाही काही सांगणे आवश्यक आहे. आवडलेल्या तपशिलाचे नाव घेऊन कौतुक करावे. ‘छान आहे’ म्हणण्यापेक्षा ‘दिंडी नेमकी मध्यावर आली आहे’ हे रचणाऱ्याला अधिक देते. उणीव सांगताना ती कशी दूर होईल हेही सांगावे. समोरच्याला काय उपलब्ध आहे, याचा विचार करावा. भारतात खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या छंदिष्टाने घरातल्या संचांतले ठोकळे पुन्हा पुन्हा वापरून वाडा रचला असेल, तर ‘भिंतीला गडद विटकरी रंग हवा होता’ हा अभिप्राय त्याच्या काहीच कामाचा नाही. त्याच्याकडे तीन रंगांचे ठोकळे होते आणि त्यांत त्याने वाडा उभा केला, हे आधी पाहावे.

त्या प्रदर्शनानंतर प्रस्तुत लेखकाने काही काळ रचनेची मागची भिंत उघडणे बंद केले. अनोळखी माणसाला झडप हातात देऊ नये, असे आजही मनात येते. तरीही ही रीत मोडता कामा नये, असेच मत आहे. लपवाछपवी सुरू झाली, तर नवख्याला शिकवणारे कोणी उरणार नाही. प्रदर्शने भरवणाऱ्यांनी फलकावर ‘कोणाकडून घेतले’ अशी एक ओळ ठेवावी आणि ती रिकामी असल्यास परीक्षकांनी विचारावे. रचणाऱ्यांनी ती स्वतःहून भरावी. नाव ठाऊक नसेल, तर गावाचे नाव लिहावे, वास्तूचे लिहावे. त्याने रचनेचे मोल कमी होत नाही, आणि ज्याच्याकडून घेतले त्याला त्याचे देणे मिळते.