भाचीची पदवी आणि ताईची सही

सातबारा वाचता येणे निराळे आणि कायदा कळणे निराळे, हे मला पन्नाशी उलटल्यावर माझ्या भाचीने शिकवले.

मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा बी. एस्सी. कृषी. भिवंडी तालुक्यात भातावरचा करपा, तुडतुडे नि खोडकिडा यांच्या मागे हिंडण्यात माझी नोकरी सरत आली. पूर्वी बांधावर गेलो की लोक खताचे विचारीत. आता आधी मोबदल्याचे विचारतात. माणकोली, काल्हेर, पूर्णा या गावांतल्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. समृद्धी महामार्ग 2025 साली आमण्याला येऊन टेकला. नोटीस आली की माणूस माझ्याकडे येतो, कारण सरकारी माणूस म्हणून त्याला मीच तेवढा ओळखीचा! आणि मला तरी काय येते? कुळ कायद्याचे कलम 43, वर्ग 2 ची जमीन, सगळे अर्धेमुर्धेच.

आता माझीच चूक सांगतो. वडील वारले त्यानंतर, 2009 साली, थोरल्या ताईला मीच निबंधकाकडे घेऊन गेलो. हक्कसोडपत्र होते. "ताई, नुसती कागदाची रीत आहे, कर सही," असे मीच म्हणालो. तिने काही विचारलेसुद्धा नाही. मुलीला मुलाइतकाच वाटा, ही दुरुस्ती 2005 सालीच झाली होती. ते मी वाचलेलेही होते. तरी बोललो नाही. पुढे त्यातले काही गुंठे रस्त्यात गेले, मोबदला आम्हां दोघा भावांच्या खात्यात आला, आणि ताईला आम्ही भाऊबीजेला साडी घेतली.

ताईची मुलगी 2023 साली कृषी पदवीधर झाली. एक दिवस गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक घेऊन आली. "मामा, एका वर्षात कायद्याची पदव्युत्तर पदवी, हजेरी नको, घरबसल्या. भरू का फी?" फीचा आकडा पाहून मी चष्मा पुसला. तिचे वडील गोदामाच्या फाटकावर रखवाली करतात.

मी दोन दिवस मागून घेतले आणि ठाण्याच्या एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल. एलएल. एम. ही पदव्युत्तर पदवी खरी, पण तिला आधी एलएल. बी. लागते. दुसऱ्या विषयाच्या पदवीवर कायद्याचे पदविका अभ्यासक्रम करता येतात. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा व्यापारी कायद्याचा अभ्यासक्रमही आहे. बँकेत वा कंपनीत असलेल्याला त्याचा उपयोग होतो. पण त्यावर काळा कोट चढत नाही. पत्रद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवरही सनद मिळत नाही. वकिली करायची तर कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांची एलएल. बी. करावी. खुल्या वर्गाला पदवीत निदान 45 टक्के गुण हवेत, इतर वर्गांना सवलत असते. राज्याची प्रवेश परीक्षा द्यायची, सहा सत्रे वर्गात बसायचे, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा. (मलाही क्षणभर मोह झाला होता. पण 70 टक्के हजेरी लागते म्हटल्यावर आमच्या खरीप बैठका आठवल्या आणि गप्प बसलो.)

भाची हिरमुसली. "आणखी तीन वर्षे? आणि शेतीचे शिकले ते फुकट?"

मी तिला पंजाबराव देशमुखांचे सांगितले. अमरावतीकडच्या पापळचे शेतकरी घर, बॅरिस्टर झाले, आणि 1952 पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री. बाबासाहेबांनीही आधी अर्थशास्त्र केले, बॅरिस्टर नंतर झाले. भूसंपादनाच्या दाव्यात झाडांची, विहिरीची, पिकाची किंमत ठरवायची असते. तिथे कलमी आंबा आणि रायवळ यातला फरक जाणणारा वकील किती जणांना मिळतो? माहितीपत्रक तिने चुलीजवळ ठेवले. ताईने त्यावर पापड वाळत घातले.

प्रवेश ठाणे जिल्ह्यातच मिळाला. पहाटेची एस. टी., मग लोकल. दुसऱ्या वर्षाला मालमत्तेचा कायदा आला तेव्हा एका रविवारी ती घरी आली. "मामा, आईने सही केली तो कागद कुठे आहे?"

मी पेटीतून काढून दिला. तिने उभ्या उभ्याच वाचला, दोनदा वाचला.

"आईला कोणी समजावून सांगितले होते का?"

"मीच नेली होती तिला," मी म्हणालो.

ती बराच वेळ बोलली नाही. मग कागदाची घडी नीट घालीत म्हणाली, "असा कागद रद्द करून मागायला, खरे काय ते कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. पण मामा, ती मुदत कोर्टात जायला. तुम्हाला कुठे कोर्टात जायचेय?"

त्या रात्री मी रस्त्याच्या मोबदल्याचे बँकेचे जुने पुस्तक काढून हिशेब मांडला. तिसरा हिस्सा काढला, त्यातली माझ्याकडून निघणारी रक्कम वेगळी लिहिली. धाकट्या भावाशी अजून बोलणे व्हायचे आहे. तो ऐकेलच असे नाही. ताईला मी अजून काही सांगितलेले नाही. भाताची लावणी उरकली की जाईन म्हणतो.