एका तलवारीला वीस लोखंड

हुबळीच्या कोप्पीकर रोडला गेलो होतो ते लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून घ्यायला. दुकानातला पोरगा म्हणाला, अर्धा तास लागेल, बसा काका. शेजारच्या टेबलावर एक सेकंडहँड लॅपटॉप तापतो का ते बघायला त्यानं एक गेम लावून ठेवली होती. षटकोनी घरांचा रंगीत नकाशा, डोंगर, नदी, इवलीशी शहरं. मी सहज मान वळवली आणि उठलो ते शटर अर्धं खाली आल्यावर! मध्ये दोनदा चहा झाला, समोरून खायला गिरमीट आलं, घरून तीन फोन आले. कीबोर्ड कधी बसला ते कळलंही नाही.

गेमचं नाव सिव्हिलायझेशन सिक्स. २०१६ सालची. सिड मायर नावाच्या माणसानं या मालिकेतली पहिली काढली १९९१ मध्ये, म्हणजे तेव्हापासून ही चीज जगात आहे आणि मला आत्ता कळतंय!

आता मला का वेड लागलं ते सांगतो. मी रेल्वेत गुड्स क्लार्क होतो, इथंच हुबळीत. आयुष्य गेलं मालगाड्यांचे रेक मोजण्यात. होस्पेटकडून लोह खनिज यायचं, लोंढा, कॅसलरॉक करत ब्रगांझा घाट उतरून मुरगाव बंदराला जायचं. बंदरावरून उलट्या दिशेनं कोळसा घाट चढून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याला. आणि इथं, या नकाशावर, तेच! लोखंड, कोळसा, तेल. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, कुणाच्या हद्दीत सापडलं.

सुरुवातीला तर लोखंड दिसतच नाही. कांसं ओतायची विद्या शिकलात की एकदम टेकडीवर खूण उगवते. जमिनीत ते आधीपासून होतंच, आपल्याला अक्कल नव्हती! पोरगा म्हणतो, "नोड्री काका, बघा, तुमच्या शहराच्या बुडाखालीच निघालं." मी खुर्चीतून उठलोच.

मग हिशोब सुरू झाला, आणि हिशोब म्हटलं की मी आलोच. २०१९ मध्ये 'गॅदरिंग स्टॉर्म' नावाची पुरवणी आली, तिच्यात लोखंड साठवावं लागतं. खाण एका टर्नला, म्हणजे एका खेळीला, दोन देते. तलवारवाल्या एका तुकडीला लागतं वीस. म्हणजे दहा टर्न! शेजारचा राजा सरहद्दीवर येऊन उभा आणि आपण दहा, बारा, चौदा मोजतोय. कोठार सुरुवातीला पन्नासाचं, त्यावरचं वाया. लाकडी जहाजावर लोखंडी पत्रा चढला की ते दर टर्नला कोळसा खातं. वीजघरात कोळसा जाळत राहिलात तर समुद्र वर येतो आणि किनाऱ्यावरची घरं पाण्यात.

पोऱ्याच्या वडिलांनी तिसरा भाग खेळलेला, २००१ सालचा. त्यात म्हणे लोखंडाची एक खाण रस्त्यानं जोडली की अख्ख्या साम्राज्याला पुरायची, हव्या तेवढ्या तलवारी करा. मी हसलो. एका वॅगनवर सगळा देश! पाचव्या भागात, २०१० साली, मोजणी आली. एका तुकडीला एक लोखंड, तुकडी मेली की ते लोखंड परत जमा. रणांगणावरून भंगार गोळा करून आणणारा कोण, ते विचारू नका.

तर मी त्या पोऱ्याला सुचवायला लागलो. या गेममध्ये वॅगन हव्यात. वॅगनसाठी इंडेंट टाकायचा, रेक वेळेवर लागायचा नाही, वजनकाट्यावर जास्त भरलं की दंड, वेळेत खाली केलं नाही तर डेमरेजचा भुर्दंड. घाटात मागून जोर द्यायला बँकर इंजिनं. तोही तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग म्हणाला, "काका, मग ती ड्यूटी झाली की!"

गप्प बसलो. खरंच आहे. मला त्या संध्याकाळी धरून ठेवलं ते खनिजाच्या खरेपणानं नव्हे. वीसला चार कमी आहेत, आता थांबू की आहे त्यावर भिडू, या एका प्रश्नानं. टंचाई खरी हवी. पावत्या खोट्या चालतील, नसल्या तर उत्तमच. पावत्या मी फाडल्यात आयुष्यभर, त्यात मजा आली असं शपथेवर सांगणार नाही.

पण एक तक्रार आहे. या गेममध्ये खाण कधी आटत नाही, कायमची बंद पडत नाही. तिसऱ्या भागात लोखंड अचानक संपायचं, दुसरीकडे कुठं तरी निघायचं. ते काढून टाकलं. का? रसभंग होतो म्हणून असेल. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं, पुढच्या वर्षी गोव्यातलंही थांबलं. खनिजाच्या रेकशिवाय यार्ड कसं दिसतं ते आम्ही पाहिलंय. त्यापेक्षा मोठा डाव कुठल्या गेममध्ये आहे? माझं मत पक्कं: डेमरेज नको, खाण मात्र बंद पडायला हवी.

गेम आता घरच्या लॅपटॉपवर घेतलीय. हे लिहितोय तेव्हा माझा एक्क्याऐंशीवा टर्न चालू आहे, लोखंड सोळा. अजून दोन टर्न थांबायचंय.