लघवीतल्या पेशी तपासणाऱ्या युरिन सायटोलॉजीस



तुझ्या दारी माणूस बहुधा उशिरा येतो. लघवी लाल झाली, पण दुखत काहीच नाही, तेव्हा उन्हाळी लागली असेल म्हणून तो धण्याचं पाणी पितो. चार दिवसांत लाली जाते आणि विषय तिथेच मिटतो. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त असंच येतं, न दुखता, आणि मधेच थांबतं.

परवा एक आजोबा रुमालात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. "सकाळची पहिलीच आणलीय बरं, ताई." इतर तपासण्यांना तीच मागतात, त्यांचं काय चुकलं? पण रात्रभर लघवीत पडून राहिलेल्या पेशी विरतात, केंद्रकं धूसर होतात. तुला त्यानंतरची, ताजी लघवी लागते. शक्यतो तीन वेगवेगळ्या दिवशी. हे आधीच सांगायला हवं होतं. मी त्यांना पाणी प्यायला देऊन बाकावर बसवलं.

पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी 1945 साली लघवीच्या गाळातल्या या पेशींवर लिहिलं. आजही आम्ही पापानिकोलाऊंच्याच नावाच्या रंगात स्लाइड बुडवतो. निरोगी पेशी ऐसपैस पसरलेली असते, केंद्रक त्या मानाने लहान. बिघडलेल्या पेशीत तेच केंद्रक सत्तर टक्क्यांहून जास्त जागा अडवून बसतं. गडद काळपट, कडा वेड्यावाकड्या. अशी एक दिसली की मी स्लाइड पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून बघते.

मूत्राशयाच्या अस्तरात सपाट पसरणारा कर्करोग आत घातलेल्या दुर्बिणीतूनही कधी कधी नजरेला येत नाही, तिथे तू त्याचा माग काढतेस. हाय-ग्रेड गाठीही तू बऱ्याचदा पकडतेस. लो-ग्रेड गाठींच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात, तिथे तुझा इलाज चालत नाही. मुतखड्यानेही पेशी विचित्र दिसू शकतात. म्हणून 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' या ओळीची मला धास्ती वाटते. एका घरी ती वाचून पेढे वाटले आणि दुर्बिणीची तारीख सोडून दिली. रक्त परत आलं तेव्हा सहा महिने गेले होते. ती ओळ माझ्या हातची होती आणि खरीही होती. त्या दिवसापासून 'दुर्बीण तपासणी टाळू नका' हे मी रिपोर्ट देताना तोंडाने सांगते.

आजोबांची दुसरी बाटली तासाभराने आली. हाताला अजून कोमट लागत होती. नळीत ओतली, सेंट्रिफ्यूज सुरू केलं.

तुझी,
लॅबमधली ताई