चार आण्याचा वायसर

वालीवच्या आमच्या अंगणात पहिला नळ आला तो पितळेचा. अर्धा इंची, जाड अंगाचा, वर आडवी मूठ. त्याआधी पाणी म्हणजे विहीर, दोर आणि आईच्या तळहातावरचे घट्टे. म्हणून नळ ठिबकायला लागला की घरात कुणी ‘बघू नंतर’ म्हणत नसे.

दुरुस्ती बाबा करत. पाणी सकाळी तासभर यायचं आणि जायचं. ते गेलं की नळ खोलायला मोकळा. पितळेवर ओरखडा नको म्हणून पान्याच्या जबड्यात फडकं धरायचे. वरचा भाग फिरवून काढला की खालून झिजलेला, मधोमध खळगा पडलेला वायसर हाती यायचा. मग जुन्या चपलेच्या तळव्यावर चार आण्याचं नाणं ठेवून पेन्सिलीने गोल आखायचा. नाणं 19 मिलिमीटरचं, आमच्या नळाला बेतोबेत बसणारं. कापलेली चकती रात्रभर गोडेतेलात भिजत पडायची. मुठीपाशी पाणी झिरपत असेल तर मात्र दोष वायसरचा नसे. तिथे नटाखाली तेलात बुडवलेल्या सुताचे दोन वेढे द्यायचे. आणि दर वेळी आम्हा मुलांना एकच ताकीद : पिळू नका रे, पाणी थांबलं की हात थांबवा. जोर लावून बंद केलेल्या नळाचा वायसर लवकर चेपतो, हे त्यांनी खोलून दाखवलं होतं.

त्या काळात आमच्या वसईत पाण्यावर माणसं रस्त्यावर उतरली होती. विहिरींतून टँकर भरभरून पाणी बाहेर जात होतं, विहिरी मचूळ होत होत्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसं हरित वसईच्या चळवळीत उभी होती. बाबा मोर्च्याला गेले नाहीत. पण अंगणातल्या नळाखाली ते हंडा ठेवत आणि ठिबकलेलं पाणी अळवाला घालत.

2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली. शेतांच्या जागी गाळे उभे राहिले. आता गच्चीवर टाकी आहे. सूर्या प्रादेशिक योजनेच्या रोजच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी. मेंढवण खिंडीच्या बोगद्यातून इतक्या लांबून ते पाणी येतं. टाकीमुळे नळाला दिवसरात्र पाणी असतं, हे सुख मोठंच आहे. पण मग गळतीही दिवसरात्र. पूर्वीचा नळ तासभर गळायचा, आजचा झोपेतही गळतो, ही गोष्ट मला गेल्या महिन्यात रात्रभर बादली ठेवली तेव्हा नीट कळली. सकाळी ती अर्धी भरली होती.

अंगणातला नळ आता प्लॅस्टिकचा. उन्हाने त्याची मूठ तडकलेली. नाक्यावरच्या दुकानातला मुलगा आपुलकीने म्हणाला, “काका, खोलू नका, नवाच बसवा.” त्याचं चुकलं नाही, हा नळ खोलण्यासाठी केलेलाच नाही. आतल्या घरात बसवलेल्या पाव फेरीच्या नळांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, वायसरच लागत नाही. वर्षानुवर्षं चालतात. पण बिघडले की आतला अख्खा तुकडा बदलायचा, आणि तोही त्याच कंपनीचा मिळाला तर.

मी माळ्यावरून बाबांचा पत्र्याचा डबा काढला. पितळी नळ होता. वायसर भुकटी होऊन गेलेला. चपला आता चामड्याच्या कुठे असतात? मागच्या गल्लीत रबरी गॅस्केट कापणारा एक गाळा आहे. तिथून हातभर कातरण मागून आणलं. डब्याच्या तळाशी चार आण्याचं नाणंही सापडलं. 2011 च्या जूनअखेर ते चलनातून गेलं.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. नाणं ठेवून गोल आखला, कापला, बसवला. जुन्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळली, कारण सूत आणि सफेदा आता घरात नाही. पितळी नळ अंगणात परत लावला आणि व्हॉल्व्ह उघडला. मूठ हलक्या हाताने फिरवली आणि पाणी थांबलं तिथे हात थांबवला.

रात्री पुन्हा बादली ठेवली. सकाळी तिच्या तळाची धूळही भिजली नव्हती.